सोलो एकट्याचा नसतो

जॅझमध्ये सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटचा सोलो ऐकताना कान त्या वादकावरच खिळतात. पण तो जे वाजवतो त्याचा अर्थ बराचसा मागचे तिघे, म्हणजे ऱ्हिदम सेक्शन, ठरवतात. ड्रमर राइड झांजेवर लय पुढे नेतो, पियानो मोकळ्या जागी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पेरतो आणि डबल बास मात्रेमात्रेला एकेक सूर टाकत चालतो. बासच्या या चालीतून लयही कळते आणि कॉर्ड कुठे वळणार तेही. म्हणून माझ्या मते तिघांत तोच मोठा. कारण खालची कॉर्ड बदलली की वरचा तोच सूर स्थिरावण्याऐवजी टोचू लागतो. 1957 साली सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या रेड गारलंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स या साथीदारांबरोबर अल्बम केला, तेव्हा ‘द ऱ्हिदम सेक्शन’ हे शब्द थेट त्याच्या नावातच आले.

कुणी म्हणेल, सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सने त्याच वर्षी व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये पियानोशिवाय वाजवलं आणि कोलमन हॉकिन्सने सॅक्सोफोनवर ‘पिकासो’ ही रचना तर अगदी एकट्याने. खरं आहे. पण पियानो गेल्यावर रॉलिन्सच्या बास आणि ड्रम्सवरचा भार वाढला, आणि हॉकिन्सला कॉर्डची चाल स्वतःच्याच सुरांतून सुचवावी लागली. पुढच्या वेळी एखादा सोलो फक्त बासकडे लक्ष देऊन ऐका.