आतड्याचा सांधा : शल्यचिकित्सेपुढील एक कसोटी

आतड्याचा रोगग्रस्त भाग कापून काढणे हे शस्त्रक्रियेचे निम्मेच काम होय. उरलेली टोके जोडून अन्नमार्ग पुन्हा अखंड करणे हे दुसरे निम्मे. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या विकारांत हे दुसरे कामच अधिक कसोटीचे ठरते.

या विकारांचे प्रमुख प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता मर्यादित असतो. त्यात गुदाशयासह मोठे आतडे काढून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची पिशवी शिवतात व ती गुदद्वाराशी जोडतात. ही पद्धत लंडनचे पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली.

दुसरा प्रकार क्रोन रोग. न्यूयॉर्कमधील डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. हा रोग शस्त्रक्रियेने समूळ जात नाही. तो बहुधा सांध्याच्या लगतच, वरच्या बाजूस, पुन्हा उद्भवतो. दर वेळी आतडे कापत गेल्यास त्याची लांबी घटते व अन्नाचे शोषण अपुरे पडते. यास्तव शक्य तेवढे आतडे राखणे हे शल्यचिकित्सेचे सूत्र बनले.

आतडे अरुंद झाले असेल, तर ते न कापताही रुंद करता येते. अरुंद भागावर उभा छेद घेऊन तो आडवा शिवतात. क्षयाने आकसलेल्या आतड्यांवरील या उपायाचा अनुभव भारतीय शल्यचिकित्सकांनी १९७७ मध्ये मांडला. पुढे ऑक्सफर्डचे इमॅन्युएल ली यांनी तो क्रोन रोगात वापरला.

जपानमधील तोरू कोनो यांनी २००३ पासून सांध्याचीच रचना बदलली. आतड्याला रक्त पुरविणारा पडदा ज्या बाजूस चिकटलेला असतो, तिकडे व्रण अधिक आढळतात. कोनो यांच्या पद्धतीत दोन्ही टोके बंद करून एकमेकांस शिवतात. त्यांचा आधारस्तंभ बनून सांधा आकसत नाही. मग पडद्याच्या विरुद्ध बाजूस छेद घेऊन रुंद मार्ग जोडतात. इटलीत ७९ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सहा महिन्यांनी दुर्बिणीच्या तपासणीत रोग परतल्याचे प्रमाण या पद्धतीत सुमारे २२ टक्के, तर रूढ पद्धतीत सुमारे ६३ टक्के आढळले. एका लहान तुलनेवरून अंतिम निर्णय करता येत नाही, हेही तितकेच खरे.

कुपोषण, पोटातील पू किंवा स्टेरॉइड औषधे यांमुळे सांधा गळण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पोटावर तात्पुरता मलमार्ग ठेवतात. त्यात लज्जास्पद काही नाही. तो जीव वाचविणारा उपाय होय. शस्त्रक्रियेनंतर धूम्रपान चालू राहिल्यास मात्र क्रोन रोग परतण्याची शक्यता वाढते. ते सोडणे रुग्णाच्या हाती आहे.

दीर्घकाळ अतिसार, पोटदुखी, शौचावाटे रक्त व वजनातील घट ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी. आतड्याचा क्षय व क्रोन रोग वरकरणी सारखेच भासतात, परंतु त्यांचे उपचार भिन्न आहेत. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अशा रुग्णास वेळीच रुग्णालयाची वाट दाखविली, तर पुष्कळदा आतड्याचा मोठा भाग वाचू शकेल.