न विचारता ठरलेलं: ‘अवाही’चे मूळ पर्याय

मादागास्करच्या जंगलातल्या लेमूरच्या एका जातीवरून ‘अवाही’ हे नाव आलं. लिनक्स संगणकावर प्रिंटर आपोआप दिसतो, तेव्हा पडद्यामागे बहुधा हीच प्रणाली राबत असते. यूडीपीच्या 5353 क्रमांकाच्या पोर्टवर ती सगळ्या यंत्रांना एकदम हाक देते: आयपीव्ही4 वर 224.0.0.251 या पत्त्याने, आयपीव्ही6 वर एफएफ02::एफबी या पत्त्याने. फेब्रुवारी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 6762 या मानकात हे पत्ते नोंदलेले आहेत.

खरी गंमत मूळ पर्यायांत आहे. आयपीव्ही4 वरून आयपीव्ही6 चा पत्ता जाहीर करण्याची मुभा सुरू असते, उलट दिशेची मात्र बंद.

नाव शोधणाऱ्या बाजूचं चित्र आणखी वेगळं. डेबियन आणि उबुंटूवर अनेक वर्षं ‘एमडीएनएस4_मिनिमल’ हा पर्याय बसवला गेला. तो ‘.लोकल’ने संपणाऱ्या नावांचे फक्त आयपीव्ही4 पत्ते शोधतो. कारण व्यवहारी होतं: घरातली बहुतेक उपकरणं तेवढेच पत्ते जाहीर करत, आणि आयपीव्ही6 च्या उत्तराची वाट पाहण्यात वेळ जाई. त्यामुळे केवळ आयपीव्ही6 वर असलेलं यंत्र उपकरणांच्या यादीत दिसूनही नावाने सापडत नाही, आणि वापरणारा बिचारा केबल तपासत बसतो.

ही हाक राउटर ओलांडत नाही. एका जाळ्यातली हाक दुसऱ्यात पोचवणारा ‘रिफ्लेक्टर’ अवाहीत आहे, पण तोही मुळात बंदच असतो. पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवरून घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही, तो यामुळेच.