नुसत्या गप्पांचा एपिसोड, तरी नजर हटत नाही! अ‍ॅनिमेवाले नेमकं करतात काय?

"या एपिसोडमध्ये काहीच झालं नाही, नुसत्या गप्पा मारल्या." अ‍ॅनिमेच्या फॅन ग्रुपवर ही तक्रार ठरलेली. मग कुणीतरी "बजेट संपलं असणार" म्हणतं आणि अर्धे लोक तो एपिसोड दीडपट स्पीडने उरकतात. खरं तर मारामारीच्या सीनमध्ये नजर आपोआप खिळते. दोन माणसं नुसती बोलत असतील, तर ती खिळवावी लागते. दिग्दर्शकाची खरी परीक्षा तिथेच असते.

बजेटचा मुद्दा मात्र अगदीच चुकीचा नाही. १ जानेवारी १९६३ ला जपानच्या फुजी टीव्हीवर ओसामु तेझुकांचं 'अ‍ॅस्ट्रो बॉय' सुरू झालं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एपिसोड द्यायचा होता. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमसाठी वेगळं चित्र काढत बसलं, तर आठवडा कुठे पुरणार? म्हणून एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. जुनी चित्रं पुन्हा वापरायची. आणि पात्र बोलत असेल तर अख्खं शरीर स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं. त्यासाठीही मिटलेलं, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं अशी तीन चित्रं पुरतात. ही काटकसर पुढे जपानी टीव्ही अ‍ॅनिमेची सवयच झाली.

म्हणजे गप्पांचा सीन स्वस्तात पडतो हे खरं. पण स्वस्त आणि कंटाळवाणं यात फरक आहे, आणि तो ठरतो स्टोरीबोर्डवर. कोणत्या वाक्याला कॅमेरा कुठे असेल, शॉट किती सेकंद टिकेल, बोलणारा दिसेल की ऐकणारा, हे सगळं अ‍ॅनिमेशन सुरू होण्याआधीच कागदावर येतं. बहुतेक सिरीजमध्ये स्टोरीबोर्ड काढणारा आणि एपिसोडचा दिग्दर्शक दर भागाला बदलतो. एकाच सिरीजचा एक भाग जिवंत आणि पुढचा सपक वाटतो, त्याचं एक मोठं कारण हेच. शेवटी येणारी नावं स्किप करू नका, म्हणतात ते उगीच नाही.

२००९ मध्ये शाफ्ट स्टुडिओने 'बाकेमोनोगातारी' केलं. मूळ निसिओ इसिन यांची कादंबरी, आणि पात्रं इतकी बडबडी की नाटकवाल्यांनीही हात टेकावेत. पण इथे बोलणारा चेहरा सतत दाखवतच नाहीत. मध्येच पडदाभर अक्षरं चमकून जातात, रिकाम्या इमारती दिसतात, पात्र मान विचित्र कोनात वळवून बघतं. बाराव्या भागात तर एक अवघडलेला कारप्रवास आहे. गाडी मुलीचे वडील चालवतायत, मागच्या सीटवर मुलगी आपल्या बॉयफ्रेंडला मुद्दाम छेडतेय, आणि त्याला धड उत्तरही देता येत नाही. अ‍ॅक्शन शून्य, तरी घाम फुटतो. कारण गंमत वाक्यात कमी आणि पुढे बसलेल्या वडिलांच्या गप्प बसण्यात जास्त आहे.

'इव्हँजेलियन'च्या २२ व्या भागात तर त्याहून टोकाचं धाडस आहे. आसुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या. जवळपास मिनिटभर चित्र हलतच नाही, ऐकू येतो तो फक्त लिफ्टचा आवाज. अवघडलेपण इतकं साचतं की त्यानंतरचं पहिलं वाक्य थपडेसारखं बसतं. पैसे वाचले असतीलही, पण इथे काटकसरीचंच हत्यार झालं.

नाओको यामादांची रीत वेगळी. त्यांच्या सिनेमांत माणसं पायांनी बोलतात. चुळबुळणारे पाय, ओढली जाणारी बाही, मागे सरकणारी टाच. २०१६ च्या 'अ सायलेंट व्हॉइस'मध्ये नायिका सांकेतिक भाषेत बोलते, तिथे हातच संवाद होतात.

आता एक उदाहरण आपल्या घरातलं. दूरदर्शनवर वाढलेल्या प्रत्येकाला 'एक अनेक और एकता' आठवत असेल. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची ही छोटी फिल्म. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं आणि संगीत कुडाळजवळच्या सोनवड्याचे वसंत देसाई यांचं. गाण्यात आवाज मूळच्या दाभोळच्या साधना सरगम यांचा, त्या तेव्हा लहान होत्या. फिल्मला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

नीट बघितलं तर ती पहिल्यापासून संवादावरच चालते. मुलं ताईला प्रश्न विचारतात, ताई उत्तर देते. एवढंच. बागेत बसवून नुसतं बोलायला लावलं असतं, तर सरकारी उपदेश झाला असता. पण ताई 'अनेक' समजावते तेव्हा पडद्यावर खरंच एकाचे अनेक होतात, आणि शब्दाचा अर्थ डोळ्यांना आधी कळतो. पुढे पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या चिमण्यांची गोष्ट येते तेव्हा बाग मागे पडते आणि चित्रच गोष्ट सांगायला लागतं. चित्रं साधी, सपाट रंगांची; पण कोणता शब्द ऐकवायचा आणि कोणता दाखवायचा, हे पक्कं ठरलेलं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची एक वेगळीच अडचण आहे. पुण्यात असो की वरवंडमध्ये, मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर इंग्रजी सबटायटल वाचत अ‍ॅनिमे बघणाऱ्याची नजर खालच्या पट्टीवरच अडकते. गप्पांच्या एपिसोडमध्ये तर पट्टी थांबतच नाही. वरचे पाय, हात, रिकामी खुर्ची, सगळं निसटतं, आणि मग वाटतं की 'काहीच झालं नाही'. उपाय सोपा आहे. आवडलेला संवाद दुसऱ्यांदा बघताना आवाज आणि सबटायटल दोन्ही बंद करा. कोण कुणावर चिडलंय, कोण काय लपवतंय, हे तरीही कळत असेल, तर दिग्दर्शकाने काम केलंय.

'एक अनेक'चा शेवट या कसोटीवर बघण्यासारखा आहे. झाडावरचे आंबे उंच आहेत, त्यासाठी युक्ती लढवावी लागेल एवढंच बोलणं होतं. ती युक्ती कोणती, हे संवादात कुणीच सांगत नाही. ती फक्त दिसते.