चीवर ठेवताना, चीवर घेताना

विनयपिटकाच्या सुत्तविभंग नामक भागात, पहिल्या पाराजिकाच्या, म्हणजे भिक्षुत्व कायमचे घालविणाऱ्या दोषाच्या, विवरणात, एक विलक्षण यादी आढळते. भिक्षुजीवनाला कंटाळलेला, परंतु अद्याप मनाचा निश्चय न झालेला भिक्षू आपल्या सोबत्यापाशी काय काय बोलून जातो, याची ती यादी असून तीत आई आहे, बाप आहे, भाऊबहिणी, बायको आणि मुले आहेत; गाव, शेत, सोनेनाणे आणि एके काळी हातात असलेला धंदा आहे; आणि सर्वांच्या शेवटी, पूर्वी केलेल्या हसण्याबोलण्याची व खेळण्याची नुसती आठवण आहे. दोष आणि त्यांचे अपवाद काटेकोरपणे नोंदविणाऱ्या एका कायद्याच्या ग्रंथात हा मजकूर यावा, याचे कारण मला एवढेच दिसते की, ज्या विनयधरांनी तो संकलित केला त्यांनी अशी बोलणी रात्री-अपरात्री प्रत्यक्ष ऐकली होती आणि ती ऐकताना त्यांचे मन कठोर झाले नव्हते.

या यादीवर ग्रंथाचा जो निर्णय आहे तो अधिक विचार करण्याजोगा आहे. आईची आठवण येते, हे मला झेपत नाही, सोडून द्यावे की काय, असे भिक्षूने शंभर वेळा बोलून दाखविले तरी तेवढ्याने तो संघाबाहेर पडत नाही. त्याने आपले दौर्बल्य प्रकट केले, इतकेच. बाहेर पडावयाचे तर ‘सोडावे का’ असे नव्हे, ‘सोडतो’ असे स्पष्ट वर्तमानकाळी वाक्य उच्चारावे लागते, ते शुद्धीवर असताना उच्चारावे लागते आणि ऐकणाऱ्या माणसाला ते समजावे लागते. वेदनेने कासावीस झालेल्याचे, थट्टेने बोललेल्याचे, जीभ घसरून निघालेले, देवतेपुढे किंवा पशूपुढे उच्चारलेले, अथवा ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत केलेले प्रत्याख्यान बाद समजावे, असा स्वच्छ खुलासा तेथे आहे. क्षणिक उद्वेगाच्या भरात कुणाचा राजीनामा मंजूर होऊन बसू नये, म्हणून घेतलेली ही खबरदारी होय.

उलटपक्षी, निश्चय झालाच असेल तर वाट अडविण्याचा अधिकार कुणालाही नाही. उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, घेण्यासाठी मध्यदेशात दहा भिक्षूंचा संघ जमावा लागे. अवंती-दक्षिणापथासारख्या सीमेवरच्या मुलखात भिक्षूच इतके विरळ होते की, सोण कुटिकण्ण नावाच्या उमेदवाराला दहांची भरती होईपर्यंत तीन वर्षे तिष्ठावे लागले, आणि त्याच्याच प्रकरणावरून अशा प्रांतांसाठी ही संख्या पाचावर आणण्यात आली. संघ सोडताना मात्र दहा नकोत, पाच नकोत. समजूतदार असा एक मनुष्य ऐकावयास असला की पुरे.

वैशालीच्या वज्जी भिक्षूंच्या प्रकरणात या नियमाचे मर्म उघड होते. त्यांनी शिक्षेचा, म्हणजे भिक्षुनियमांचा, त्याग न करता, म्हणजे अंगावर चीवर ठेवूनच, ब्रह्मचर्याचा भंग केला. पुढे त्यांच्यावर आपत्ती कोसळल्या, पश्चात्ताप झाला, आणि बुद्धशिष्य आनंदाच्या मध्यस्थीने त्यांनी पुन्हा उपसंपदा मागितली. ती त्यांना मिळाली नाही. मात्र त्याच वेळी भगवंतांनी असेही ठरवून दिले की, जो आधी शिक्षेचा त्याग करून, गृहस्थ होऊन, मग तसे वागला असेल, तो परत आल्यास त्याला उपसंपदा द्यावी. कृत्य दोघांचे एकच. भेद केवळ आधी उच्चारलेल्या एका सरळ वाक्याचा. गृहस्थ होणे हा या शासनात अपराध नाही. गृहस्थाचे आचरण करीत भिक्षू म्हणून मिरवणे आणि श्रद्धाळूंच्या घरचे अन्न खाणे हा मात्र असा अपराध आहे की, त्यानंतर या जन्मी भिक्षुत्व नाही.

या मोकळीकीचा पुरेपूर उपयोग करणारा एक स्थविर धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे पुढे रचलेल्या भाष्यात, भेटतो. श्रावस्तीचा हा तरुण हरवलेला बैल शोधता शोधता भुकेने व्याकूळ होऊन विहारात शिरला, तेथले अन्न पाहून भिक्षू झाला, अंगावर मूठभर मांस चढताच घरी गेला, आणि असे सहा वेळा झाले. सातव्या खेपेस, गर्भवती पत्नी झोपेत अस्ताव्यस्त पडलेली पाहून त्याला अनित्यतेचा असा धक्का बसला की, काषायवस्त्र कमरेला गुंडाळून तो विहाराच्या वाटेला लागला. भिक्षूंनी आढेवेढे घेतले. वारंवार वस्तरा फिरून तुझे डोके आता सहाणेसारखे झाले आहे, असेही ते म्हणाले. पण अखेरीस त्यांनी त्याला घेतले आणि तो अर्हत झाला. हाच चित्तहत्थ स्थविर. परतणाऱ्याला किंमत द्यावी लागते ती एवढीच की, त्याचे पूर्वीचे वर्षावास हिशेबात धरले जात नाहीत, आणि काल उपसंपदा घेतलेल्या कोवळ्या पोरामागे त्याला आसन मिळते.

मराठी वाचकाच्या मनात येथे आळंदी उभी राहिल्यावाचून राहणार नाही. विठ्ठलपंत काशीस संन्यास घेऊन गुरूंच्याच आज्ञेने गृहस्थाश्रमात परतले, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे ब्रह्मवृंदाने त्या दांपत्याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा मार्ग ठेवला नाही. त्यांची लेकरे ‘संन्याशाची पोरे’ म्हणून शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत वणवण फिरली. आरूढपतिताला क्षमा नाही असे मानणारे शास्त्र आणि चित्तहत्थाला सातव्यांदा आत घेणारे शास्त्र ही दोन्ही याच भूमीत उपजली, हे विसरता कामा नये.

विनय एकच असूनही देशोदेशींचा व्यवहार मात्र भिन्न झाला. सयामात एका वर्षावासापुरते भिक्षू होऊन घरी परतणे हीच प्रतिष्ठित रीत. परतलेल्या तरुणाच्या नावाआधी खेड्यापाड्यांत ‘थित’ ही उपाधी लागते आणि तो संसाराला लायक झाला असे समजतात. तेथील सरकारी नोकराला भिक्षू होण्यासाठी १२० दिवसांपर्यंत पगारी रजा मिळते. राजा मोंगकुट १८२४ ते १८५१ अशी सत्तावीस वर्षे भिक्षू राहून सिंहासनावर बसला. राजा भूमिबोल १९५६ साली पंधरा दिवस चीवरात होता. सिंहलद्वीपात मात्र प्रव्रज्या म्हणजे आजन्म, आणि चीवर उतरविणे म्हणजे कुळाला खाली पाहावयास लावणे. याचे एक कारण मला तेथील जमिनीत दिसते. विहारांची इनामे शिष्यपरंपरेने चालत आल्यामुळे, लहानपणीच विहाराला दिलेला मुलगा वारसाच्या जागी येतो; तो निघून गेला की विहारावरचा त्याचा हक्क बुडतो आणि गुरूचीही व्यवस्था विसकटते. विनयात नसलेली लाज अशी दफ्तरातून उत्पन्न होते.

आपल्याकडचे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातील साखवाळचा हा मनुष्य १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून बुद्धाच्या शोधात निघाला. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेरदीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातल्या विहारांत राहिले. आणि १९०६ साली, ज्या ज्ञानासाठी इतके हाल सोसले ते आपल्या लोकांपर्यंत पोचवावयाचे म्हणून, काषाय उतरवून कलकत्त्यास अध्यापनाला लागले. त्याच वर्षी सात वर्षांनी ते घरी आले, आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या दरमहा पन्नास रुपयांच्या साहाय्यावर, महाराष्ट्रात राहून लिहिता यावे म्हणून, कलकत्त्याच्या मोठ्या पगारावर त्यांनी पाणी सोडले. संघात परतण्याची वाट त्यांना अखेरपर्यंत मोकळी होती. तिने ते गेले नाहीत. पण १९२६ साली ‘बौद्ध संघाचा परिचय’ लिहून संघाचे नियम मराठीत त्यांनीच आणले, आणि ज्याने चीवर नेसून आणि ठेवून दोन्ही पाहिले आहे अशाच्याच हातून ते काम व्हावे, हे मला फार उचित वाटते. १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या महाराष्ट्रात जी दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे भरतात, त्यांत मुंडन करून चीवर धारण करणारा गिरणीकामगार वा शिक्षक अकराव्या दिवशी आपल्या कामावर रुजू होतो, त्यालाही याच जुन्या मोकळीकीचा आधार आहे.

एक गोष्ट मात्र मनाला सतत डाचते. हे औदार्य भिक्षुणीच्या वाट्याला आले नाही. चुल्लवग्गात भिक्षुणीसाठी शिक्षाप्रत्याख्यानाचा विधी नाही. ती निघून गेली की त्याच क्षणी भिक्षुणी उरत नाही, असे म्हटले आहे. त्यालाच लागून, काषायवस्त्रांसह परपंथात गेलेली भिक्षुणी परत आल्यास तिला उपसंपदा देऊ नये, असे आहे. अट्ठकथाकारांनी हा मज्जाव घर गाठलेल्या साध्या स्त्रीलाही लावला, आणि थेरवाद देशांत तोच अर्थ रूढ झाला. परंतु चीवरासह परपंथात गेलेल्या पुरुषालाही मूळ विनय तोच मज्जाव करतो; त्यावरून घरी गेलेल्या पुरुषाची परतीची वाट कुणी बंद केली नाही. मग स्त्रीची का करावी? थेरवादात शतकानुशतके भिक्षुणीसंघच नव्हता, तोवर हा प्रश्न पोथीत पडून राहिला. १९९८ साली बोधगया आणि दंबुल्ला येथे सिंहली स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. त्यांच्यातली कुणी आजारी आईसाठी चीवर ठेवून घरी जाईल आणि आईमागे परत येऊन संघापुढे हात जोडून उभी राहील. तिच्यासाठी अट्ठकथा बाजूस ठेवून मूळ पाठ वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे वाचल्यास तिला नाकारणारे कोणतेही वाक्य त्यात मला सापडत नाही.