सुबाभळीच्या पाल्याचा मुरघास

आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. पावसाळ्यात इथे हिरवा चारा मुबलक असतो. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र जनावरांपुढे कडबा आणि कुटारच उरते. बांधावरची सुबाभूळ आणि शेवरी ही उणीव भरून काढू शकतात. सुबाभळीच्या कोवळ्या पाल्याच्या शुष्क भागात साधारण २० टक्के किंवा अधिक प्रथिने असतात.

मुरघासासाठी शेंगा धरण्याआधी पाला कापावा, थोडा सुकवावा आणि २-३ सेंटिमीटरची कुट्टी करावी. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये आणि मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटावा, एवढाच ओलावा हवा. पाल्यात साखर कमी असल्याने आंबवणारे जिवाणू उपाशी राहतात. म्हणून मका किंवा ज्वारीची हिरवी कुट्टी मिसळावी, अथवा गुळाचे पाणी शिंपडावे. कुट्टी पिशवीत भरताना थराथराने तुडवून हवा काढावी आणि पिशवी घट्ट बांधावी. दीड महिन्यात आंबूस वासाचा मुरघास तयार होतो.

सुबाभळीत मिमोसीन हे अपायकारक द्रव्य असते. मुरवल्याने ते घटते, पण संपत नाही. म्हणून सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमीच ठेवावी आणि हळूहळू वाढवावी. बुरशी आलेला भाग जनावरांना मुळीच देऊ नये.