सिसरो, मार्कस टलियस
(३ जानेवारी इ. स. पू. १०६–७ डिसेंबर इ. स. पू. ४३). प्राचीन रोमचा राजनीतिज्ञ, वक्ता, विधिज्ञ व लॅटिन गद्याचा श्रेष्ठ लेखक. आर्पीनम (विद्यमान आर्पीनो, इटली) येथे एका सधन अश्वारोही वर्गातील कुटुंबात जन्म. रोममध्ये कायदा, वक्तृत्वशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केल्यावर त्याने अथेन्स व ऱ्होड्झ येथील ग्रीक आचार्यांकडे पुढील शिक्षण घेतले.

इ. स. पू. ८० मध्ये पितृहत्येचा आरोप असलेल्या सेक्स्टस रॉशियसचा बचाव करताना त्याने हुकूमशहा सलाच्या मर्जीतील मुक्तदासावर उघड टीका केली. सिसिलीत क्वेस्टर (वित्ताधिकारी) म्हणून काम केल्यावर, त्या बेटाची लूट करणाऱ्या व्हेरीझ या प्रांताधिपतीविरुद्ध त्याने इ. स. पू. ७० मध्ये खटला चालविला. निकालापूर्वीच व्हेरीझ परागंदा झाला आणि सिसरो रोमचा अग्रगण्य वकील ठरला.

घराण्यात पूर्वी कोणी सीनेटचा सभासद नसतानाही इ. स. पू. ६३ मध्ये तो कॉन्सल झाला. त्या वर्षी कॅटिलाइनचा सत्ता बळकाविण्याचा कट त्याने उघडकीस आणला. सीनेटच्या संमतीने त्याने पाच कटवाल्यांना देहान्त शासन दिले. परंतु रोमन नागरिकांना रीतसर चौकशीविना मारणे बेकायदेशीर होते. कायद्याच्या या पुरस्कर्त्याला त्याच कारणास्तव इ. स. पू. ५८ मध्ये हद्दपारी पत्करावी लागली. पुढील वर्षी तो परतला.

यादवी युद्धात त्याने पाँपीचा पक्ष घेतला. विजयी सीझरने त्याला क्षमा केली. तथापि एकाधिपत्यात त्याच्या वाणीस वाव उरला नाही. इ. स. पू. ४५ मध्ये कन्या टलिया निवर्तली. या काळात तो लेखनात मग्न झाला. सीझरच्या हत्येनंतर मात्र त्याने मार्क अँटनीविरुद्ध ‘फिलिपिक्स’ ही चौदा भाषणे रचली. अँटनी, ऑक्टेव्हियन व लेपिडस एकत्र येताच वध्य व्यक्तींच्या यादीत त्याचे नाव आले. फॉर्मीईजवळ त्याचा वध करण्यात आला व त्याचे शिर आणि हात रोमच्या सभामंचावर टांगण्यात आले.

‘दे ओरातोरे’ (वक्त्याविषयी), ‘दे रे पुब्लिका’ (राज्याविषयी) व ‘दे ऑफिकिइस’ (कर्तव्यांविषयी) हे त्याचे प्रमुख ग्रंथ होत. ग्रीक विचार लॅटिनमध्ये आणताना त्याने नवे पारिभाषिक शब्द घडविले. ‘गुण’ या अर्थाचा ‘क्वालितास’ हा त्यांपैकी एक. मनुष्यकृत कायद्यांहून श्रेष्ठ असा विवेकनिष्ठ नैसर्गिक कायदा असतो, हे त्याचे प्रतिपादन पाश्चात्त्य विधिविचारास पायाभूत ठरले. त्याची नऊशेंहून अधिक पत्रे, विशेषतः ॲटिकस या मित्रास लिहिलेली, तत्कालीन इतिहासाचे अमोल साधन आहेत. त्यांतील ॲटिकसला लिहिलेली पत्रे पीत्रार्कला १३४५ मध्ये व्हेरोना येथे आढळली. प्रबोधनकालीन मानवतावाद्यांनी त्याचे गद्य आदर्श मानले. प्रजासत्ताक वाचविण्याचा त्याचा प्रयत्न अयशस्वी झाला. परंतु त्याचे विचार त्याच्या ग्रंथांतून टिकून राहिले.