सुशीलादेवी लिकमाबाम यांची दोन रौप्यपदके

आमच्या वेरूळच्या ज्या मुली ज्युदोविषयी आस्थेने चौकशी करतात, त्यांना मी प्रथम मणिपूरच्या सुशीलादेवींची कारकीर्द सांगतो. ४८ किलो वजनगटात, २०१४ साली ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवल्यावर, पुढे २०१८ मध्ये मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने आशियाई स्पर्धा हुकली तरी उमेद न सोडता, त्या टोकियो ऑलिंपिकमधील भारताच्या एकमेव ज्युदोपटू ठरल्या. तेथे पहिल्याच फेरीत पराभव आला. दप्तरी हिशेबात २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यही पहिल्यासारखेच. मला मात्र ते अधिक मोलाचे वाटते, कारण नियमित चार मिनिटांत निकाल न लागल्याने ‘गोल्डन स्कोअर’पर्यंत, म्हणजे निर्णायक गुण मिळेपर्यंत, लांबलेल्या त्या अंतिम झुंजीत दक्षिण आफ्रिकेच्या मिकेला व्हाइटबुई कशाबशा सरस ठरल्या.